हवामान बदल आणि आपली ग्रामपंचायत : वर्धाकाठावरून एक अभ्यास

वर्धा नदी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताईकडे उगम पावते, अमरावती, नागपूर व वर्धा या जिल्ह्यांच्या सीमा आखीत खाली येते, कौंडण्यपूरच्या घाटाजवळून पुढे जाते आणि शेवटी वैनगंगेला मिळून प्राणहिता या नावाने गोदावरीत जाते. कौंडण्यपूर म्हटले की लोकांना रुक्मिणीचे माहेर आणि पंढरपूरला जाणारी पालखी आठवते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी येथे केलेले उत्खनन आठवते. त्याचा अहवाल १९६८ साली प्रसिद्ध झाला. सातवाहन काळापर्यंतच्या वस्तीच्या खुणा त्या पांढरीत सापडल्या. नदीच्या जवळ पण नदीच्या वर राहावे, हे शहाणपण आपल्या पूर्वजांना होते असे म्हणता येईल. तथापि वर कोणी राहावे आणि खाली, नाल्याच्या काठी, कोणी राहावे हेही गावगाड्यात पुढे ठरून गेले. प्रस्तुत लेखाचा विषय हवामान बदल हा असला तरी आमच्या मनात सतत आहे ती ही खालची वस्ती.

आम्ही बँकेत कारकून आहोत. पदवी कला शाखेची. तेव्हा हवामानशास्त्रावर अधिकाराने लिहिण्याचा आमचा दावा नाही. परंतु खिडकीच्या आत बसून वीस वर्षे लोकांची पासबुके पाहिली की पाऊस कसा पडला हे आकाशाकडे न पाहताही कळू लागते. जूनमध्ये पेरणी, जुलैमध्ये दुबार पेरणी, सप्टेंबरमध्ये सोयाबीन पाण्यात, आणि मार्चमध्ये कर्जाचे पुनर्गठन, हा क्रम आता आमच्या परिचयाचा झाला आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. एखादा पूर आला म्हणजे तो हवामान बदलानेच आला असे म्हणणे शास्त्राला धरून नाही. पूर पूर्वीही येत होते. ३० जुलै १९९१ रोजी याच वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातील मोवाड हे गाव उद्ध्वस्त केले आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. मोवाड हे काही आडवळणाचे खेडे नव्हते. १८६७ पासून तेथे नगरपालिका आहे, विदर्भातील जुन्या नगरपालिकांपैकी ती एक होय. म्हणजे स्थानिक संस्था होती, सव्वाशे वर्षांची होती, तरीही नदीने गाव नेले. आमच्या वयाच्या माणसांनी लहानपणी घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून मोवाडचे नाव ज्या स्वरात ऐकले तो स्वर अद्याप कानात आहे.

मग बदलले काय? पावसाची रीत बदलली. हवा एक अंशाने तापली तर ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, आणि धरलेले बाष्प कधीतरी एकदम खाली येते. मध्य भारतातील १९५० ते २०१५ या काळातील नोंदींचा अभ्यास शास्त्रज्ञांनी केला, तेव्हा विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे त्यांना आढळले. वर्षाचा एकूण पाऊस मात्र तसा वाढलेला नाही. म्हणजे चार महिन्यांचा पगार चार दिवसांत हातात पडावा आणि उरलेले दिवस उधारीवर काढावे, असा हा प्रकार आहे. २०२४ हे साल तर औद्योगिक काळापूर्वीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून अधिक तापलेले पहिले वर्ष ठरले. मोवाडसारखा पूर पुन्हा येणार का, हा प्रश्न म्हणूनच केवळ आठवणीचा राहिलेला नाही.

हा विषय ग्रामपंचायतीचा आहे काय?

अनेकांना वाटते की हवामान बदल हा पॅरिसला भरणाऱ्या परिषदांचा विषय आहे, तिवसा तालुक्यातील सरपंचाचा नव्हे. हे अर्धसत्य होय. धूर कमी करण्याचे करार पॅरिसला होतात, पण पावसाचे पाणी नालीतून जाणार की घरातून, हे गावातच ठरते. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिच्यामुळे राज्यघटनेला अकरावे परिशिष्ट जोडले गेले व त्यात पंचायतींसाठी २९ विषय दिले गेले. त्यात हवामान बदल हा शब्द कोठेही नाही. पण लघुसिंचन, जलव्यवस्थापन व पाणलोट विकास आहे, सामाजिक वनीकरण आहे, पिण्याचे पाणी आहे, अपारंपरिक ऊर्जा आहे. हवामान बदलाला तोंड देण्याची जवळजवळ सगळी कामे या यादीत निरनिराळ्या नावांनी बसलेली आहेत. त्याशिवाय आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ४१ मध्ये स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये स्वतंत्रपणे सांगितली आहेत : कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे, साधनसामग्री वापरण्याजोगी ठेवणे, आपल्या हद्दीतील बांधकामे ठरलेल्या मानकांप्रमाणे होतील हे पाहणे. सरपंचाने हे कलम एकदा वाचावे असे आमचे नम्र मत आहे. वाचायला पाच मिनिटे लागतात.

येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आठवण होणे अपरिहार्य आहे, आणि ती केवळ या स्मरणिकेमुळे नव्हे. १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायतींचे विधेयक आले तेव्हा अस्पृश्य वर्गाला प्रतिनिधित्वाची हमी असल्याखेरीज गावाच्या हाती सत्ता देण्यास त्यांनी विरोध केला होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेतही खेड्याच्या गौरवाला त्यांनी साथ दिली नाही आणि मसुद्याने खेड्याऐवजी व्यक्तीला घटक मानले याबद्दल समाधान व्यक्त केले. दुसरीकडे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया त्यांच्या कारकिर्दीत घातला गेला. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथील परिषदेत त्यांनी मांडलेला विचार असा की, जास्तीचे पाणी हे संकट समजून समुद्रात लोटण्याऐवजी ते साठवून कामाला लावावे. जुलैत पूर आणि मे महिन्यात टँकर असणाऱ्या गावाला हा विचार आजही लागू पडतो. आणि १९३२ चा प्रश्नही तसाच लागू पडतो : साठवलेले पाणी कोणाकडे जाणार?

पाण्याचा ताळेबंद

हवामान बदलाचे नाव उघडपणे घेऊन गावपातळीवर समिती नेमण्याचा प्रयोग आपल्याच वऱ्हाडात झाला आहे, याची पुष्कळांना माहिती नसते. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. तेथे विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते पिकाला चालत नाही आणि माणसालाही सोसत नाही. तेथल्या शेतकऱ्याला पावसाच्या थेंबाशिवाय गत्यंतर नाही. २०१८ साली जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्र शासनाने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू केला. लोक त्याला 'पोकरा' म्हणतात. दुष्काळप्रवण गावे आणि हा खारपाणपट्टा मिळून पाच हजारांवर गावे त्यात घेतली गेली. दुसऱ्या टप्प्यासाठी २१ जिल्ह्यांतील सुमारे ७ हजार २०० गावे मंजूर झाली आहेत.

या प्रकल्पाचे वैशिष्ट्य म्हणजे प्रत्येक गावात ग्रामपंचायतीने नेमलेली ग्राम कृषी संजीवनी समिती. अध्यक्ष सरपंच. गावाचा सूक्ष्म आराखडा तयार करायचा आणि त्यात पाण्याचा ताळेबंद मांडायचा. ताळेबंद हा शब्द ऐकून आम्हाला साहजिकच बरे वाटले, कारण हवामान आमचा विषय नसला तरी ताळेबंद आहे.

विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडते. समजा गावाचे शिवार हजार हेक्टरचे आहे आणि वर्षभरात ८०० मिलिमीटर पाऊस झाला. तर जमा बाजूला आले ८०० कोटी लिटर. आता खर्च लिहू. काही पाणी वाफ होऊन जाते, काही नाल्याने नदीला जाते, काही मुरते, बरेचसे पिके पितात. ते सोडून केवळ माणसांचे पाहू. गावाची लोकसंख्या २ हजार धरली आणि जल जीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर धरले, तर वर्षाला लागतात सुमारे ४ कोटी लिटर. म्हणजे गावावर पडणाऱ्या पाण्याचा अर्धा टक्का!

आम्ही हा हिशेब तीनदा तपासला, कारण प्रथम आमचाच विश्वास बसला नाही. अर्धा टक्का पाणी ज्या गावाला पुरवता येत नाही त्या गावात पाऊस कमी पडतो असे म्हणता येणार नाही. तेथे साठवण नाही, किंवा साठवण आहे पण वाटप नाही. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागांसाठी बोअर किती खोल गेले हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच वरुड तालुक्यात २०१६ साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत गावकऱ्यांनी उन्हातान्हात श्रमदान करून चर खोदले. चर खोदणे कष्टाचे असले तरी सोपे आहे. मुरलेले पाणी कोणी किती उपसायचे हे ग्रामसभेत ठरवणे अवघड आहे, आणि ते ठरवणारी गावे थोडी. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे नाव सगळे घेतात ते तेथे दरवर्षी पाण्याचा हिशेब मांडून पीक ठरवले जाते म्हणून.

पोकराबद्दल आमचे एक म्हणणे आहे. शेततळे, ठिबक, विहीर यांचे अनुदान थेट शेतकऱ्याच्या खात्यात येते, ही चांगली गोष्ट. मधला दलाल गेला. पण रीत अशी की, आधी शेतकऱ्याने स्वतःचा पैसा घालून काम करायचे, मग तपासणी, मग अनुदान. ज्याच्याजवळ घालायला पैसा आहे त्यालाच हे जमते. दीड एकराचा धनी असलेले एक काका आमच्या खिडकीशी आले. पूर्वसंमतीचा कागद त्यांच्या हातात होता. ते म्हणाले, "साहेब, सरकार पैसे देते हे खरं, पण पह्यले आमाले कोन देते?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्यांच्या कर्जाचे प्रकरण वरच्या साहेबांच्या टेबलावर पोचेपर्यंत मुदत संपली. योजना कागदावर सर्वांना सारखी असते. ती वापरण्याची ऐपत सारखी नसते. गावच्या समितीने किंवा बचत गटाने मधल्या काळापुरती रक्कम उभी केली तर हा अडसर दूर होईल. काही ठिकाणी बचत गटांनी हे करून पाहावे असे आम्ही सुचवतो.

पंचमहाभूते आणि गुण

२ ऑक्टोबर २०२० रोजी राज्य शासनाने 'माझी वसुंधरा' अभियान सुरू केले. त्याच वर्षी पर्यावरण विभागाच्या नावात 'वातावरणीय बदल' हे शब्द जोडले गेले होते. भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पाच सदरांखाली स्थानिक संस्थांनी केलेल्या कामांना गुण मिळतात. (बुद्धवचनात महाभूते चार सांगितली आहेत, आकाशधातू वेगळा धरला जातो, पण शासनाशी त्यावरून वाद घालण्याचे कारण नाही.) पहिल्या वर्षी ६८६ संस्था सहभागी होत्या; चौथ्या फेरीत ही संख्या बावीस हजारांवर गेली. राज्यात ग्रामपंचायतीच सुमारे २८ हजार आहेत, तेव्हा हा प्रसार लहान नव्हे. अभियानामुळे ग्रामपंचायतीच्या दप्तरात झाडे, सौर दिवे, ओला-सुका कचरा यांना जागा मिळाली. हे मान्य करून असे म्हणावेसे वाटते की गुणांच्या स्पर्धेत लावलेली झाडे मोजली जातात तितक्या आस्थेने जगलेली मोजली जात नाहीत. आणि पुराच्या वेळी कोणत्या घरातील म्हाताऱ्या माणसाला कोणी उचलायचे, याची यादी करण्यात फोटोसारखे काही नसते.

शहराचे एक उदाहरण द्यावयाचे तर आपल्या अमरावती महानगरपालिकेचे देता येईल. केंद्राच्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात तीन ते दहा लाख लोकसंख्येच्या शहरांत अमरावतीचा २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये पहिला क्रमांक आला. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. मात्र त्या काळात महापालिकेत निवडून आलेले सभागृह नव्हते. २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ राज्यातील अनेक महापालिका व जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती होत्या. धूळ कमी झाली, पण आपल्या वॉर्डातील तक्रार घेऊन ज्याच्या दारात जावे तो नगरसेवकच नव्हता.

उन्हाविषयी थोडक्यात. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाने जमावबंदीचे कलम १४४ लावून शिकवणी वर्गांच्या वेळा बदलायला व कामगारांना पिण्याचे पाणी आणि सावली द्यायला लावले. दंगलीसाठी असलेले कलम उन्हासाठी वापरावे लागले! नागपूर महापालिकेने २०१६ पासूनच उष्माघाताचा कृती आराखडा केला होता. खेड्यांत असा आराखडा करायला मोठा पैसा लागत नाही. रोजगार हमीच्या कामाची वेळ सकाळची करणे, पाणपोई, आशाताईंजवळ क्षार-साखरेची पाकिटे, आणि दुपारी बारा ते चार एखादी गार इमारत उघडी ठेवणे एवढे तर जमते. घरकुलावर टिनाचे छप्पर असलेल्या वस्तीत दुपारी आत बसणे म्हणजे तव्यावर बसणे होय. आपल्या मंडळांनी विहार दुपारी उघडे ठेवले तर त्याला कोणाच्या मंजुरीची गरज पडणार नाही.

पैसा कोठून येतो

पैशाची सबब नेहमी सांगितली जाते, म्हणून हा भाग आम्ही आमच्या नोकरीच्या सवयीने तपासला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी दिलेल्या अनुदानातील ८० टक्के वाटा महाराष्ट्रात थेट ग्रामपंचायतीला मिळत आला. त्यातील ६० टक्के 'बंधित' : निम्मे पिण्याचे पाणी, पर्जन्यसंधारण व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, निम्मे स्वच्छतेसाठी. म्हणजे पाणी अडवण्यासाठी पैसा नव्हता असे कोणत्याही ग्रामपंचायतीला म्हणता येणार नाही. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. जिल्हा परिषदेकडे अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाची योजना आहे; तीतून नाली, रस्ता, पाणीपुरवठा ही कामे होतात. आता नाली बांधताना ती जुन्या पावसाच्या मापाने बांधायची की एका रात्रीत कोसळणाऱ्या नव्या पावसाच्या, हा प्रश्न अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्याला कोणी विचारलेला आम्ही ऐकला नाही. अनेकदा नालीचा उतारच वस्तीकडे काढलेला असतो.

मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे. त्याला १३ दरवाजे आहेत. ते उघडायचे ठरले की नदीकाठच्या गावांना इशारा येतो : पोलीस पाटलाला फोन, ग्रामपंचायतीला निरोप, आता व्हॉट्सअॅपवर संदेश. इशारा गावात येतो हे खरे. तो खालच्या वस्तीत किती वाजता पोचतो, हे आम्ही नदीकाठच्या एका गावात विचारून पाहिले. तेथील एक आजी म्हणाल्या, "बाबू, भोंगा मंदिरापाशी हाये. पानी पह्यले आमच्या घरात येते, मंग आमाले कयते का धरन सोडलं."

त्यानंतर मंडळाच्या तीन विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही दोन रविवार त्या वस्तीत घालवले. पुराचे पाणी कोठवर आले होते हे घरोघर विचारले, भिंतीवर खडूने खुणा केल्या, आणि पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरून (गवंडी वापरतात तीच) त्या खुणा एका पातळीत आहेत का ते पाहिले. वह्यांत ४१ घरे आली. त्यांतील ९ घरांत एकट्या राहणाऱ्या वृद्ध व्यक्ती आहेत. दोघांना चालता येत नाही. सर्वांत उंच खूण एका घराच्या चौकटीच्या वरच्या बाजूला आहे. गावचा एक कच्चा नकाशा करून मुलींनी त्यावर निळ्या पेन्सिलीने पाण्याची रेघ काढली. त्या रेघेच्या आत नव्या घरकुलांच्या चार जागा निघाल्या.

हा नकाशा, नावांची यादी आणि तीन मागण्या असा अर्ज १ मे च्या ग्रामसभेपुढे ठेवला. एक, दुसरा भोंगा वस्तीतील विहारावर बसवावा. दोन, त्या चार घरकुलांच्या जागा बदलाव्या. तीन, पावसाळ्यापूर्वी नाल्यातील गाळ व झुडपे काढण्याचे काम आराखड्यात घ्यावे. ग्रामसेवकांनी (आता त्यांचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे) अर्ज वाचून दाखवला. महिला सदस्यांनी पहिली मागणी उचलून धरली. गाळाचे काम मंजूर झाले व जूनच्या आत पारही पडले. भोंग्याचा ठराव झाला, खर्च बंधित निधीत बसत नाही म्हणून तो स्वनिधीच्या १५ टक्क्यांतून करण्याचे ठरले, आणि ऑगस्टमध्ये भोंगा बसला. घरकुलांच्या जागांविषयी वरच्या कार्यालयाकडून अभिप्राय मागवण्यात आला आहे. त्या चारपैकी दोन घरांचे पाये तोवर खोदून झाले होते. उरलेल्या दोघांनी वाट पाहायचे ठरवले आहे. आम्ही ठरावाची नक्कल फी भरून मागितली आहे. ती मिळाली की पुढचा अर्ज तहसील कार्यालयात करावयाचा आहे, आणि त्यासाठी नकाशाची स्वच्छ प्रत मुलींनी पुन्हा काढायला घेतली आहे.